एल्बच्या काठावरचा ध्रुवसमुद्र

निसर्गाचं रौद्र रूप रंगवायचं तर दूरचा प्रवास हवा, हिमशिखरं नाहीतर वादळी समुद्र गाठायला हवा, असं चित्रकलेच्या अनेक विद्यार्थ्यांना वाटतं. मला हे मुळीच पटत नाही. त्यासाठी कास्पार डाव्हीट फ्रीडरिश या जर्मन स्वच्छंदतावादी चित्रकाराचा दाखला पुरेसा आहे.

हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाल संग्रहालयात त्याचं १८२३-२४ मधलं ‘बर्फाचा समुद्र’ हे चित्र आहे. बर्फाच्या धारदार लाद्या एकमेकींवर चढून आभाळात घुसल्या आहेत. उजवीकडे चिरडलेल्या जहाजाचा थोडासा भाग दिसतो, तोही शोधल्यावर. माणूस एकही नाही. विल्यम पॅरी यांच्या १८१९-२० च्या आर्क्टिक मोहिमेच्या वार्तांमधून या चित्राची कल्पना सुचली. पॅरींची जहाजं सुखरूप परतली होती. फ्रीडरिशनं आपलं जहाज वाचू दिलं नाही.

तो स्वतः ध्रुवप्रदेशात कधीच गेला नव्हता. राहायचा ड्रेस्डेनला. १८२०-२१ च्या हिवाळ्यात एल्ब नदीवर बर्फाचे तुकडे साचले, तेव्हा त्यानं त्यांची तैलरंगात अभ्यासचित्रं केली. लादी कुठे तुटते, कशी तिरपी होते, तिच्या कडेचा रंग कसा बदलतो, हे त्यानं गावच्या नदीत पाहिलं आणि त्यातून ध्रुवसमुद्र उभा केला. पाण्याची ताकद त्याला ऐकीव नव्हती. तो तेरा वर्षांचा असताना, १७८७ मध्ये, त्याचा भाऊ बुडून गेला होता.

निरीक्षणाइतकीच महत्त्वाची त्याची गाळण्याची हिंमत. ‘समुद्राकाठचा साधू’ या १८०८-१० मधल्या चित्रात त्यानं आधी जहाजं रेखाटली होती. अवरक्त तपासणीत ती दिसतात. नंतर त्यानं ती रंगाखाली झाकली. उरलं ते अथांग आभाळ, काळसर पाण्याची पट्टी आणि बोटाएवढा माणूस. नजरेला टेकायला जागाच राहिली नाही, म्हणून ते चित्र अंगावर येतं.

आज ड्रोननं टिपलेले भडक रंगांचे डोंगर पाहून निसर्गचित्रं होतात. त्यांत देखावा असतो, निसर्गाचा धाक नसतो. कारण पाण्याचा किंवा दगडाचा स्वभाव कोणी तासन्‌तास न्याहाळलेला नसतो. ‘बर्फाचा समुद्र’ फ्रीडरिशच्या हयातीत विकलं गेलं नाही, तरी दोनशे वर्षांनंतर ते टिकून आहे ते याच अभ्यासावर.

विद्यार्थ्यांनो, येत्या पावसाळ्यात आपल्याच गावच्या नदीचा पूर सुरक्षित अंतरावरून पाहा, वहीत उतरवा. दूरच्या प्रवासाचं नंतर बघू.