हाती काम नसताना मुलखात परतायचे असेल तर

पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसाच्या मनात परत जाण्याचा विचार कधी ना कधी येतोच. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून आपली कितीतरी कुटुंबे सुरतेला गेली. उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांत ती दोन-दोन पिढ्या राहिली, यंत्रमागावर राबली. १ मे १९६० पर्यंत धुळे आणि सुरत एकाच मुंबई राज्यात होते. त्या दिवशी मध्ये राज्याची सीमा आली. माणसे कामाला जात राहिली, पण कागदोपत्री ती परराज्यात गेली. त्याचा परिणाम मुले मोठी झाल्यावर कळतो.

काही दिवसांपूर्वी उधन्याहून एक जोडपे आमच्याकडे सल्ल्याला आले होते. तो लूम चालवतो, ती घरी साड्यांना खडे-टिकल्या चिकटवते. मुलगी आठवीत. माग बंद राहण्याचे दिवस वाढले, परत यावे असे दोघांनाही वाटते, पण इकडे काम ठरलेले नाही. तो म्हणाला, "भाऊ, रिकाम्या हाताने गेलो तर भावकी काय म्हणेल?" ती लगेच म्हणाली, "भाऊ, भावकीचं राहू द्या. पोरीच्या दाखल्याचं काय, ते आधी सांगा." आम्हाला बाईचा प्रश्न मोलाचा वाटला. पण दोन्ही प्रश्नांना उत्तर दिले पाहिजे.

आधी त्याचा प्रश्न. काम सुटले किंवा सोडले म्हणून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे हरलेला समजतात. ज्यांना असे बोलण्याची सवय आहे त्यांनी १९१७ साल आठवावे. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर शिकून आलेले बाबासाहेब करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. राहायला कोणी जागा देईना. पारशी सराईत पारशी नाव सांगून राहिले, तेथूनही अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. ते मुंबईला परतले तेव्हा हाती नोकरी नव्हती. घरी रमाई आणि लहानगा यशवंत. त्यांनी शिकवण्या घेतल्या. शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा धंदा काढला, तो जात कळताच बसला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. मधला काळ जवळपास वर्षभराचा होता. एवढ्या शिकलेल्या माणसाला वर्ष लागले, तर लूम चालवणाऱ्याला सहा महिने लागले म्हणून त्याला टोचून बोलण्याचा अधिकार कोणाला आहे?

त्याच काळातली आणखी एक गोष्ट येथे कामाची आहे. १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध प्रसिद्ध केला. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे जगत आहेत, नुसते तुकडे जोडून भागणार नाही, हे जादा हात उद्योगधंद्याकडे वळवले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. परत येणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. गावी दोन एकर सामाईक जमीन आहे, त्यावर दोन भावांचे संसार आधीच चालले आहेत. तिसरा चुलीला चूल लावून बसला तर पहिले तीन महिने गोड जातात, मग भांडणे सुरू होतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा लोक नाइलाजाने गावी धावले, आणि बरेच जण पुन्हा निघून गेले, कारण गावात काम नव्हते. म्हणून आमचे म्हणणे असे की मुलखात परत यावे, पण गावातच आले पाहिजे असे नाही. लूमच्या कारागिराने मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथे विचारपूस करावी, तेथे त्याच्या हाताला ओळखणारे काम आहे. इतरांनी धुळे, जळगाव, नाशिक येथील एम.आय.डी.सी. पाहावी. घरची बाई कमावती असेल तर तिच्या कामाचीही चौकशी त्याच फेरीत करावी. परत आल्यावर तिची कमाई तुटते, हे हिशेबात कोणी धरत नाही.

आता हिशेब. आम्ही पडलो कारकून, आकडे मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. समजा तालुक्याच्या गावी खोलीभाडे ३,००० रुपये, किराणा ५,०००, दूध-भाजी-गॅस २,५००, शाळा व जाणे-येणे १,५००, दवाखाना १,००० आणि जुना हप्ता २,०००. महिन्याचे १५,००० झाले. सहा महिन्यांचे ९०,०००. टेम्पो, खोलीचे डिपॉझिट, शाळेचा प्रवेश याचे २०,००० धरा. म्हणजे १,१०,००० रुपये गाठीशी हवेत. ज्याच्याकडे ५०,००० आहेत त्याने सगळे बिऱ्हाड एकदम हलवू नये. दिवाळीचा बोनस हातात पडला की कमावत्याने एकट्याने येऊन काम शोधावे. बायको-मुलांनी मे महिन्यात मुलांचे निकाल लागल्यावर यावे. तोवर तिकडची खोली सोडू नये. घर चालवण्यासाठी व्याजाने पैसे काढू नयेत.

आता बाईचा प्रश्न. अनुसूचित जातीचा दर्जा राज्यवार ठरतो. दुसऱ्या राज्यात स्थलांतर केलेल्याला त्या राज्याच्या नोकऱ्यांत व शिक्षणसंस्थांत आरक्षण मागता येत नाही, मग त्या राज्याच्या यादीत तीच जात असली तरी. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९० मध्ये शिक्षणाबाबत आणि २०१८ मध्ये नोकरीबाबत सांगितले आहे. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, त्या देशभर चालतात. राज्याच्या सवलती मात्र आपल्याच राज्यात मिळतात. उधन्याच्या या मुलीचा हक्क महाराष्ट्रात आहे, आणि तो मिळवायला १० ऑगस्ट १९५० रोजी तिचे घराणे महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीत राहत होते याचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, जुना सातबारा यांपैकी जे असेल ते गावी जाऊन आत्ताच काढावे. अधिवासाच्या दाखल्याला साधारणपणे १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा मागतात, तेव्हा गावची घरपट्टी, मतदार यादी, रेशनकार्ड जपून ठेवावे. काही अभ्यासक्रमांना दहावी-बारावी कोठून केली हेही पाहतात. म्हणून परतायचेच असेल तर मूल दहावीत जाण्याआधी परतणे बरे. दहावीनंतर मुलीला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तीही महाराष्ट्राच्या रहिवाशालाच.

निघण्यापूर्वी तिकडून पुढील गोष्टी आणाव्यात. एक, शाळा सोडल्याचा दाखला. त्यावरील नाव, जन्मतारीख, जात-धर्म तेथेच तपासावे, कारण शाळा सुटल्यावर दुरुस्ती फार जड जाते. सहा ते चौदा वयाच्या मुलाला हा दाखला उशिरा आला म्हणून कोणतीही सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. दोन, तिकडच्या रेशनकार्डातून नाव कमी केल्याचा दाखला. नाव महाराष्ट्राच्याच कार्डात असेल तर हा प्रश्न येत नाही. तीन, पी.एफ. कापला जात असेल तर आपला यू.ए.एन. नंबर आणि नोकरी सोडल्याच्या तारखेची नोंद. पैसे काढण्याचे नियम अलीकडे बदलत आहेत, तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी कार्यालयात विचारावे. नोकरी दहा वर्षांपेक्षा कमी असेल तर पेन्शनची रक्कम न काढता स्कीम सर्टिफिकेट घेता येते, पुढच्या नोकरीत ती वर्षे धरली जातात. चार, पाच वर्षे सलग नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटी. दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार हा कामगाराचा हक्क आहे. तो लेखी मागावा.

स्वतःचा धंदा काढायचा असेल तर महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात बीजभांडवल योजनेची चौकशी करावी. मात्र कर्जमंजुरीला वेळ लागतो. त्या पैशाच्या भरवशावर बिऱ्हाड हलवू नये.

शेवटी गावातल्या आणि वॉर्डातल्या मंडळांना आमची एक विनंती. परत आलेले घर दिसले की कोणत्या कारखान्यात जागा आहे, खोली कोठे स्वस्त आहे, सेतू केंद्रात कोणता कागद लागतो, एवढे तरी त्यांना सांगा. जमल्यास मुलांच्या दाखल्यासाठी एक दिवस त्यांच्याबरोबर प्रांत कार्यालयात जा. उधन्याच्या जोडप्याने ठरवले आहे की दिवाळीनंतर तो मालेगावला येईल आणि मुलीची आठवी संपल्यावर मायलेकी. तोवर मुलीचे आजोबा गावी कोतवाल बुकाची नक्कल काढत आहेत.