नळीतली राणी नेमकी कोणत्या जातीची?

एप्रिल २०२५ मध्ये केनियातील नाकुरू परगण्यात एका अतिथिगृहात वन्यजीव तस्करीचे प्रकरण उघडकीस आले. हाती लागले ते हस्तिदंत नव्हते, तर कापसाचे बोळे घातलेल्या २,२४४ नळ्या आणि त्यांतल्या सुमारे ५,००० मुंग्या. त्या बाळगणारे बेल्जियमचे दोघे तरुण अवघे १९ वर्षांचे. त्यांना आणि अशाच दुसऱ्या प्रकरणात पकडलेल्या दोघांना मे महिन्यात नैरोबीतील न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख शिलिंग दंड किंवा वर्षभराचा तुरुंगवास ठोठावला. युरोप-आशियात मुंग्या पाळण्याचा छंद वाढला आहे आणि राणी मुंगीला तिथे चांगला भाव मिळतो.

केनियातली ‘मेसर सेफालोटिस’ ही जात मोठी आणि तांबडी. ती नजरेत भरते. छंदिष्टांच्या आवडत्या दुसऱ्या गटाची मात्र ओळखपरेडच अवघड आहे. तो गट म्हणजे ‘कॅम्पोनोटस’, सुतार मुंग्या. यातल्या काही जाती लाकूड पोखरून घर करतात म्हणून हे नाव. वाळवीसारखे त्या लाकूड खात नाहीत. आपल्या गुळाच्या डब्याभोवती फिरणारा काळा मुंगळा याच गटातला, पण तो बहुधा झाडाच्या बुंध्याशी मातीत राहतो. पाळायला या मुंग्या सोयीच्या: आकाराने मोठ्या, राणी अनेक वर्षे जगणारी, आणि पहिली पिल्ले वाढेपर्यंत तिला अन्नही लागत नाही. पाणी आणि कापूस घातलेली परीक्षानळी तिला पुरते.

जगात कॅम्पोनोटसच्या हजाराहून अधिक जाती आहेत. ‘हा कॅम्पोनोटस आहे’ एवढे सांगणे कठीण नाही. बाजूने पाहिले तर वक्षाची वरची कड सलग कमानीसारखी दिसते, शृंगिका तोंडाच्या कडेपासून जरा मागून निघतात. खरी पंचाईत त्यापुढे सुरू होते. ओळखीच्या शास्त्रीय किल्ल्या प्रामुख्याने कामकरी मुंग्यांवर बेतलेल्या असतात, आणि विक्रेत्याकडे असते एकटी राणी. तिची पहिली पिल्ले खुजी निघतात. मोठ्या डोक्याच्या कामकरी मुंग्या वसाहत वाढल्यावरच दिसतात. त्याला वर्ष-दोन वर्षेही लागू शकतात. तोवर नळीवरचे नाव हा पुष्कळदा अंदाजच असतो.

रंगावर भिस्त ठेवावी, तर रंग फसवतो. अमेरिकेत ‘पेन्सिल्व्हॅनिकस’ काळी आणि ‘क्रोमायोडिस’ तांबूस वक्षाची. बाकी अंगलोट जवळपास सारखी. युरोपच्या जंगलातल्या ‘हर्क्युलेनस’ आणि ‘लिग्निपेर्डा’ वेगळ्या करायच्या, तर उदराची चकाकी आणि त्यावरचा तांबूस भाग किती पसरला आहे हे भिंगाखाली पाहावे लागते. मोबाइलवरच्या धूसर फोटोवरून हे ठरवणारे धाडसीच म्हणायचे.

अचूक नावाचा एवढा अट्टहास कशासाठी? अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जिवंत राणी न्यायला कृषी खात्याचा परवाना लागतो आणि तो जातीच्या नावाने मिळतो. नाव चुकले की परवान्याला अर्थ उरत नाही. दुसरे म्हणजे, मुंग्या निसटतात किंवा कंटाळलेला मालक त्यांना सोडून देतो. लोझान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की, जगभरात मुंग्यांच्या पाचशेहून अधिक जाती विक्रीला आहेत आणि परक्या प्रदेशात पसरणाऱ्या जातींचे प्रमाण त्यांत जास्त आहे. कोणती जात निसटली हेच माहीत नसेल, तर शोधणार काय?

विज्ञानाचेही काम अडते. फ्लोरिडातली ‘कॅम्पोनोटस फ्लोरिडानस’ जखमी सोबतिणीचा पाय मांडीपासून कुरतडून काढते, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. मांडीला जखम असलेल्या मुंग्यांपैकी एरवी ४० टक्क्यांहून कमी जगत; पाय काढल्यावर ९० टक्क्यांहून अधिक जगल्या. जंतुनाशक स्राव देणारी जी ग्रंथी अनेक मुंग्यांत असते, ती या जातीत नाही. तरी हा उपाय तिच्यापाशी आहे. पण ते निरीक्षण याच जातीचे. तिच्या चुलत बहिणींना ते सरसकट लागू करता येणार नाही, आणि चुकीची चिठ्ठी लावलेल्या वसाहतीला तर नाहीच.

केनियातली मुंगी ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत नव्हती, तरीही तिथल्या देशी कायद्याने शिक्षा झाली. माझ्या मते बंदीइतकीच नोंदही गरजेची आहे. राणी कुठे आणि कोणत्या तारखेला पकडली, हे विक्रेत्याने नळीवर लिहिणे सक्तीचे हवे. ठिकाण कळले की शंभर शक्यतांच्या दहा उरतात. युरोपातल्या दुकानांत मिळणाऱ्या ‘कॅम्पोनोटस निकोबारेन्सिस’च्या नावात आपले निकोबार आहे खरे, पण ही जात आग्नेय आशियातही आढळते. नळीतली राणी नेमकी कुठली, हे त्या नावावरून मुळीच कळत नाही.