कलम ३५ कामाला लावा

मा. अध्यक्ष,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण,
नवी दिल्ली यांस,



मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. आपल्याकडे माझी एकच मागणी आहे, ती आधीच सांगून टाकतो. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मधलं कलम ३५ आपल्या प्राधिकरणाला एक अधिकार देतं. अधिसूचना काढून आपण एखाद्या भागातल्या नोंदणीकृत डॉक्टरांना सांगू शकता की, तुमच्याकडे येणारा अन्नविषबाधेचा प्रत्येक प्रकार अमुक अधिकाऱ्याला कळवा. हा अधिकार आपण वापरावा. त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. मला किंवा माझ्या ओळखीतल्या कुठल्याही डॉक्टरला आजवर अशी अधिसूचना आलेली नाही.

एवढ्याशा मागणीसाठी खुलं पत्र कशाला, असं कुणालाही वाटेल. म्हणून प्रश्न केवढा आहे ते मांडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार (तो २०१० सालच्या परिस्थितीवर बेतलेला आहे) जगात दर वर्षी ६० कोटी लोक अन्नातून होणाऱ्या आजारांनी आजारी पडतात, म्हणजे दर दहा माणसांमागे एक. त्यातले ४ लाख २० हजार मरतात. पाच वर्षांखालची मुलं लोकसंख्येत ९ टक्के, पण या मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा ३० टक्के: सव्वा लाख लेकरं दर वर्षी. भारत ज्या आग्नेय आशिया विभागात मोडतो, तिथे १५ कोटी आजारी आणि पावणेदोन लाख मृत्यू.

हे सगळे अंदाज आहेत हे मात्र विसरून चालणार नाही. तज्ज्ञांना वर्षानुवर्षं खपून ते बांधावे लागले, कारण ओझं जिथे सर्वात जास्त, तिथेच मोजणी सर्वात कमी. आपल्याकडे जुलाब-उलट्यांचा पेशंट येतो, सलाईन लावून घेतो, दोन दिवसांत उठून बसतो आणि कुठल्याही सरकारी कागदावर न येता घरी जातो. दगावला तरी कागदावर ‘अतिसार’ एवढंच उरतं. तो कशामुळे झाला, हे विचारण्याची जबाबदारी कुणावरच नाही.

पैशाचा हिशेब जागतिक बँकेने मांडला आहे. असुरक्षित अन्नामुळे गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचं दर वर्षी सुमारे ११० अब्ज डॉलरचं नुकसान होतं. त्यात उपचारांचा खर्च १५ अब्ज. बाकीचे ९५ अब्ज बुडालेल्या कामाचे. ही फोड मला फार महत्त्वाची वाटते, कारण तो दुसरा आकडा मी हंगामात रोज पाहतो. ऊसतोडीच्या फडात कामाची मोजणी कोयत्यावर होते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. दोघांतला एक जण जुलाबाने आडवा झाला की कोयता बसतो आणि खाड्याचे पैसे उचलीवर चढतात. दोघंही धडधाकट असली आणि लेकरू आजारी पडलं, तरी आईला कोपीत बसावं लागतं, म्हणजे पुन्हा खाडाच. माझी फी, औषधं आणि जीपचं भाडं ही या खर्चाची लहान बाजू आहे. मोठी बाजू पुढच्या वर्षीच्या उचलीतून वळती होते, आणि तिची पावती कुणी देत नाही.

आता आपल्या खात्याच्या कामाबद्दल. दिवाळी आली की खव्यावर धाडी पडतात, बनावट पनीर नष्ट केल्याचे फोटो छापून येतात. भेसळ करणाऱ्याला पकडलंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण जगभर माणसं आजारी पडतात ती बहुतांशी जंतूंमुळे, आणि जंतू असलेलं अन्न पुष्कळदा चांगल्या मनाने शिजवलेलं असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलडाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला हरिनाम सप्ताह होता. एकादशीला भगर-आमटीचा प्रसाद झाला आणि शेकडो माणसं आजारी पडली. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरेना, म्हणून झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगल्या आणि माणसं खाली रस्त्यावर आडवी केली. ते फोटो देशभर पाहिले गेले. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यातल्या कोष्टवाडीत धार्मिक कार्यक्रमाच्या जेवणानंतर दोन हजारांच्या आसपास लोकांना बाधा झाल्याच्या बातम्या होत्या.

अशा बातम्यांचा शेवट ठरलेला असतो: ‘अन्नाचे नमुने तपासणीसाठी पाठवले आहेत.’ त्या तपासणीत काय निघालं, याची बातमी मी क्वचितच वाचली आहे. भगरीच्या बाबतीत तरी धोका माहीत आहे. ओलसर जागी साठवलेल्या भगरीवर अस्परजिलस जातीची बुरशी चढते, म्हणून अन्न व औषध प्रशासन उपवासाच्या दिवसांत सूचना काढतं की सुटी भगर आणि तिचं तयार पीठ घेऊ नका. पण कुठल्या गोदामातला, कुठल्या दळणाचा माल कुठल्या गावात बाधला, हे जुळवायला आधी प्रत्येक गावातली बाधा नोंदलेली असावी लागते.

पेशंटला विचारून हे कळत नाही का? नाही कळत. पेशंट नेहमी शेवटचं जेवण सांगतो आणि पाणीपुरीवाल्यावर ठपका ठेवून मोकळा होतो. स्टॅफिलोकोकसच्या विषाने काही तासांतच उलट्या सुरू होतात, हे खरं. पण साल्मोनेला सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही डोकं वर काढतो, आणि दूषित अन्नातून होणारी ‘अ’ प्रकारची कावीळ दिसायला महिना उलटू शकतो. सामुदायिक स्वयंपाकाचा तर एक खास जंतू आहे, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. त्याचे बीजाणू उकळीतही टिकतात. रात्री शिजवलेली मोठ्या पातेल्यातली भाजी सकाळपर्यंत हळूहळू कोमट होत जाते, तेव्हा ते फोफावतात. चव बदलत नाही, वासही येत नाही. एका पेशंटवरून एका डॉक्टरला यातलं काहीच सांगता येणार नाही. पाच डॉक्टरांच्या वीस नोंदी एका टेबलावर आल्या, तर संध्याकाळपर्यंत सांगता येईल.

नोंदींनी काय साधतं, ते दक्षिण आफ्रिकेत दिसलं. २०१७ च्या मध्यावर तिथल्या दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांतल्या नवजात विभागांच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की लिस्टेरियाची लागण झालेली बाळं नेहमीपेक्षा जास्त येत आहेत. त्यांनी राष्ट्रीय संस्थेला कळवलं. डिसेंबरात साथ जाहीर झाली आणि या आजाराची नोंद सक्तीची झाली. लिस्टेरियाची लक्षणं कधी कधी दोन महिन्यांनी दिसतात, त्यामुळे ‘काय खाल्लं’ या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळत नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये सोवेटोमधल्या एका पाळणाघरातली काही मुलं ताप आणि जुलाब घेऊन रुग्णालयात आली. तिथल्या बालरोगतज्ज्ञांना संशय आला, त्यांनी कळवलं, आणि आरोग्य निरीक्षकांनी पाळणाघर गाठून तिथल्या फ्रिजमधल्या पोलोनीचे नमुने उचलले. पोलोनी म्हणजे पावात घालून खायचं स्वस्त, तयार मांस. तिथून माग निघाला तो थेट पोलोक्वानेच्या कारखान्यापर्यंत. ४ मार्चला आरोग्यमंत्र्यांनी नाव जाहीर केलं, माल परत घेतला गेला आणि साथ ओसरली. तोवर हजाराहून अधिक रुग्ण आणि दोनशेहून अधिक मृत्यू झाले होते. नोंद आणि शोध सुरू झाले नसते, तर तो कारखाना चालूच राहिला असता.

नोंद कच्ची असली की भलत्यालाच फटका बसतो, हेही जगाने पाहिलं आहे. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या साथीत सुरुवातीला स्पेनच्या काकड्यांवर आळ आला आणि स्पॅनिश शेतकऱ्यांचा माल सडला. खरा स्रोत सापडला तो एका हॉटेलात जेवलेल्या गटांमुळे. कुणी कुठली डिश घेतली हे बिलांवरून, फोटोंवरून पाहिलं आणि त्या डिशमध्ये काय काय पडतं ते आचाऱ्याला विचारलं. निघाले मोड. चौकशीचा रोख शेवटी इजिप्तहून आलेल्या मेथीच्या दाण्यांकडे वळला. तोवर पन्नासावर माणसं गेली होती, आणि युरोपीय संघाला भाजीवाल्या शेतकऱ्यांसाठी २० कोटी युरोंहून अधिक मदत काढावी लागली. आपल्या हॉटेलचालकांनी हे ध्यानात घ्यावं. चोख नोंद ही निर्दोष धंदेवाल्याचीही ढाल असते.

आपल्या यंत्रणेला हे झेपणार नाही, असं कुणी म्हणालं तर मी नाशिककडे बोट दाखवीन. निर्यातीच्या द्राक्षाचा प्लॉट नोंदलेला असतो, फवारणीची वही असते, अंश तपासणीचा अहवाल असतो, आणि ‘ग्रेपनेट’मुळे युरोपच्या दुकानातल्या पेटीवरून बागेपर्यंत पोचता येतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशांवरून कंटेनर अडकले, तेव्हा शेतकऱ्यांना जबर तोटा झाला. पण यंत्रणा हलली, तपासणीच्या यादीत ते रसायन आलं आणि निर्यात सावरली. गिऱ्हाईक रॉटरडॅमचं असतं तेव्हा आपल्याला सगळं जमतं. तीच शिस्त सप्त्याच्या पंगतीला, वसतिगृहाच्या खानावळीला आणि शाळेच्या खिचडीला मिळायला हवी. बिहारमध्ये छपऱ्याजवळच्या गंडामनला १६ जुलै २०१३ रोजी शाळेत जेवलेली २३ मुलं कीटकनाशकाने गेली. त्यांच्याइतकं हक्काचं गिऱ्हाईक सरकारला दुसरं कोणतं असेल?

दोन आक्षेप येणार, ते मला ठाऊक आहेत. पहिला माझ्याच भाऊबंदांचा: आणखी एक फॉर्म! तो रास्त आहे. म्हणून फॉर्म मोबाइलवर तीन प्रश्नांत संपावा: तीन दिवसांत घराबाहेरचं किंवा पंगतीचं काय खाल्लं, कुठे खाल्लं, सोबतचं आणखी कोण आजारी आहे. क्षयरोगाची नोंद खासगी डॉक्टर करतातच, हीही करतील. दुसरा आक्षेप हॉटेलवाल्यांचा: इन्स्पेक्टरच्या हाती नवं हत्यार येईल. त्यावर तोड अशी की एकट्या नोंदीवरून कुणावर कारवाई होऊ नये. एकाच ठिकाणच्या नोंदी ठरावीक संख्येवर गेल्या तरच तपास सुरू व्हावा, आणि तपासाचा निकाल दोन्ही पक्षांना लेखी मिळावा.

अधिसूचनेबरोबर आणखी तीन गोष्टी कराव्यात. एक, साथरोग सर्वेक्षणाचं काम आरोग्य खात्याकडे आणि अन्नाचा नमुना अन्न प्रशासनाकडे अशी आज फाळणी आहे. नोंद आली की ती दोघांनाही त्याच तासाला दिसावी, कारण उशीर झाला की पातेली घासून झालेली असतात. दोन, पेशंटच्या शौचाचा नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी फुकट तपासून मिळावा. आज कल्चरचा खर्च आणि वेळ परवडत नाही म्हणून सरसकट अँटिबायोटिक दिलं जातं, आणि ती औषधं बोथट होत चालली आहेत. तीन, कायद्याच्या कलम ६५ मध्ये असुरक्षित अन्नाने मृत्यू झाल्यास किमान ५ लाख रुपयांची भरपाई आहे, इजेसाठीही तरतूद आहे. नोंदीचा उतारा पेशंटच्या हाती द्यावा. कोणत्या अन्नाने बाधा झाली हे शाबीत करायला गरिबाकडे दुसरा कागद नसतो.

हे सगळं देशभर एकदम करायला मी सांगत नाही. कलम ३५ मध्येच ‘स्थानिक क्षेत्र’ असा शब्दप्रयोग आहे. महाराष्ट्रातले चार जिल्हे घ्या. एक मुंबईसारखा, एक ऊसतोडीचा, एक आदिवासी आणि एक देवस्थानाचा, जिथे रोज हजारोंची पंगत उठते. वर्षभर मोजा.

७ जून हा जागतिक अन्न सुरक्षा दिन. त्या दिवशी आपल्या खात्याकडून किती नमुने तपासले, किती खटले भरले, किती दंड वसूल केला हे आकडे येतात. पुढच्या वर्षी त्यांच्या जोडीला या चार जिल्ह्यांचा एक तक्ता छापा: किती माणसं आजारी पडली, कशाने, कुठल्या जेवणाने आणि किती दिवसांची मजुरी बुडाली. आकडा मोठा निघेल, टीकाही होईल. ती आपण सोसावी. असा खरा आकडा हाती असलेलं प्राधिकरणच पुढच्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळा आणि माणसं ठणकावून मागू शकेल.

अधिसूचनेची वाट पाहतो.

आपला,
एक जनरल प्रॅक्टिशनर, मराठवाडा