पातेले मोठे, तर पाया मोठा

१४ एप्रिल असो, वैशाख पौर्णिमा असो की अशोक विजयादशमी, आपल्या विहाराच्या अंगणात मोठी पातेली चढतात. खीर, मसालेभात, पुरीभाजी होते आणि सारी वस्ती एका पंगतीला बसते. ज्या समाजाला एके काळी इतरांच्या पाणवठ्यावर ओंजळ भरण्याची बंदी होती, त्याने शेकडो माणसांना एका पातेल्यातून जेवू घालावे, ही साधी गोष्ट नाही. म्हणूनच त्या पातेल्याखाली काय आहे, याविषयी आम्ही आज चार शब्द लिहीत आहोत.

आमच्या भगिनी घरच्या शेगडीवर सराईतपणे स्वयंपाक करतात. अंगणातल्या गॅसभट्टीचा हिशेब मात्र वेगळा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दोन फूट रुंद आणि सोळा इंच उंच पातेल्यात काठोकाठ सुमारे ११८ लिटर मावते. पाऊण भरले तरी आतल्या पदार्थाचेच वजन ८० किलोंच्या वर जाते, त्यात पातेल्याचे वजन आणखी. म्हणजे एक धडधाकट माणूस स्टँडवर उभा राहिल्यासारखे झाले, आणि तोही उकळता! वर दोघी जणी लांब कालथ्याने खीर ढवळतात, तेव्हा प्रत्येक हिसक्याला पातेले बाजूला ढकलले जाते. उंच आणि अरुंद स्टँड अशा वेळी कलंडतो.

म्हणून भट्टी भाड्याने आणतानाच पाहून घ्यावी. स्टँड जाड लोखंडी अँगलचा, सांधे नीट वेल्डिंग केलेले, आणि उंची गुडघ्यापेक्षा कमी असावी. त्याच्या पायांमधले अंतर पातेल्याच्या बुडाहून कमी नसावे. वजन लोखंडी चौकटीने पेलावे, बर्नरने किंवा गॅसच्या पाइपने नव्हे. बूड चौकटीबाहेर फार आले तर आच उलटून खाली, थेट चावीवर आणि नळीवर येते. गोल बुडाच्या भांड्याला त्याच्या मापाचे लोखंडी कडे हवेच.

जमीन सपाट आणि ठोकलेली असावी. भुसभुशीत मातीत वजन पडल्यावर एक पाय हळूहळू रुततो आणि ते कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक पायाखाली रुंद लोखंडी पत्रा ठेवावा. विटांचे सुटे तुकडे किंवा लाकडाची फळी लावून उंची साधू नये. वीट सरकते, फळी पेटते. सिमेंटच्या कोब्यावर भट्टी लावायची असेल तर खाली कोरड्या वाळूचा थर द्यावा, कारण जास्त आचेने कोबा तडकून त्याच्या कपच्या उडतात.

एक सोपी परीक्षा सांगतो. भट्टी न पेटवता पातेले स्टँडवर ठेवून अर्धे पाण्याने भरा. पाण्याची कड चारी बाजूंना सारखी आहे का पाहा. मग कालथा जोराने फिरवा. स्टँड डुगडुगला, तर तो परत पाठवा. गार पाणी सांडले तर फक्त चिखल होईल.

सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा, आणि भट्टीपासून इतका दूर की हात लावला तर कोमटही लागू नये. घरगुती १४.२ किलोचा नव्हे, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर आणावा. मोठ्या भट्टीला गॅस वेगाने लागतो. त्यामुळे सिलिंडर गार पडतो, त्यावर दव धरते आणि आच मंदावते. अशा वेळी काही जण तो आडवा करतात किंवा त्याला शेक देतात. हे कदापि करू नये. आच कमी पडली तर वेळ जास्त लागेल, एवढेच. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात आणि गटारात साचतो. तेव्हा भट्टी मोकळ्या हवेत असावी, मांडवाच्या कापडाखाली नको. गॅसचा वास आला तर चावी बंद करून, माणसे दूर नेऊन १९०६ वर फोन करावा.

भरलेले पातेले उचलायचे नाही. आधी भट्टी बंद करावी आणि मग पदार्थ लहान भांड्यांत काढून न्यावा. पदर कमरेला खोचलेला, साडी सुती, आणि मुले दोरीच्या पलीकडे. कोणाला भाजलेच, तर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नये. जखम मोठी असेल तर लगेच १०८ ला बोलवावे.

आणखी एक. बहुतेक ठिकाणी भट्टी पुरुष ठरवतात आणि तिच्यासमोर तासन् तास उभ्या राहतात महिला मंडळाच्या भगिनी. उत्सव समितीने सामान ठरवताना त्यांना सोबत न्यावे, आणि त्यांनी ‘हा स्टँड नको’ म्हटले की तो शब्द अखेरचा मानावा. भट्टीजवळ सतत थांबायला एका माणसाचे नाव आदल्या दिवशीच ठरवावे.

तथागतांनी अखेरच्या घटकेला अप्रमादाचा, म्हणजे सतत सावध राहण्याचा उपदेश केला. तो विहारातल्या वंदनेपुरता नाही, अंगणातल्या चुलीलाही लागू आहे.

जयभीम!