सावकाराचं पोट आणि सावकाराचा कागद

आपल्या नाटकात, वगात, पिक्चरमधे सावकार आला की त्याला पहिल्यांदा पोट देतात. मग पानाचा डबा, मारवाडी हेल, कर्जदाराच्या बायकोवर नजर. शेवटच्या अंकात तो मरतो नाहीतर पाया पडतो. पब्लिक शिट्ट्या मारतं. घरी येऊन बघावं तर कर्ज आपल्याआधीच दारात बसलेलं.

दोस्तांनो, हा सावकार खोटा आहे. मारवाडी हेल काढला की व्याजानं पैसे देणारा गावचा पाटील आपोआप सुटतो.

शेक्सपिअरचा शायलॉक बघा. तीन हजार डुकाट, तीन महिन्यांची मुदत, चुकली तर रत्तलभर मांस. लोकांच्या ध्यानात सुरी राहते. पण भर कोर्टात तो बड्या लोकांना सुनावतो की विकत घेतलेले गुलाम तुम्ही गाढवा-कुत्र्यासारखे राबवता. सोडा म्हटलं तर माल आमचा म्हणाल. मग हे मांस मीही विकतच घेतलंय. त्या अख्ख्या कोर्टात ह्याला एक जण उत्तर देत नाही. पोर्शिया पळवाट काढते, गुलाम जिथल्या तिथं. आणि शायलॉक स्वतः वेशीबाहेरचा! व्हेनिसनं १५१६ पासून ज्यूंना गेटोत कोंडलं, रात्री दरवाजे बंद. आपला सावकार कधी वेशीबाहेर राहिला? तो देवळाच्या पंचांत. शायलॉकचं नाक उचलून ह्याला चिकटवणारा नाटककार दोघांनाही ओळखत नाही.

आर्नल्ड वेस्कर ह्या लंडनच्या ज्यू नाटककारानं १९७६ साली ही गोष्ट उलटी मांडली. त्याच्या नाटकात शायलॉक आणि अँटोनिओ जिगरी दोस्त. कागद नकोच म्हणतात. पण कायदा म्हणतो, ज्यूशी व्यवहार कागदाशिवाय नाही. मग कायद्याची टिंगल म्हणून ते मांसाचा करार करतात आणि अडकतात. इथं खलनायक कागद आहे. मला हे पटतं.

कारण आमच्या नगर जिल्ह्यानं ते १८७५ सालीच ओळखलं होतं. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याला भडका उडाला, तो आमच्या पारनेरात, श्रीगोंद्यात, कर्जतला, नगर तालुक्यात आला. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापूस पडलेला, सारा वाढलेला. त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा, म्हणून दर तीन वर्षांनी नवा कागद : जुनं व्याज मुद्दलात, खाली अडाण्याची निशाणी. लोक पोट फाडायला गेले नाहीत. त्यांनी रोखे मागितले आणि जाळले. ज्यानं दिले त्याला बहुतेक ठिकाणी हात लागला नाही. १८७९ साली सरकारला कायदा करावा लागला, की कोर्टानं कागदाच्या मागं जाऊन मूळ हिशेब तपासावा.

पण टाळ्या जरा थांबवा. तेव्हा गावांनी ठराव केले होते, की न्हाव्यानं, परटानं, सुतारानं सावकाराचं काम करायचं नाही. बहिष्कार! ह्याच हत्याराची धार पुढं महारवाड्यानं सोसली. मेलेलं ढोर ओढायचं नाकारलं, १९२७ ला महाडच्या तळ्याचं पाणी प्यालो, की दुकान बंद, दळण बंद. रोखे जाळणाऱ्या गावानं महाराच्या वेठीचा रोखा जाळला नाही. जाळणार कसा? तो कधी लिहिलेलाच नव्हता. बिनकागदाचं, पिढीजात कर्ज. ते कुठल्या नाटकात आहे, सांगा.

‘तुंबाड’ (२०१८) पोरांनी डोक्यावर घेतला. देवीच्या गर्भातून मोहरा निघतात, पुण्याचा सावकार विकत घेतो. हाव झकास दाखवलीय. पण सोनं निघतं पिठाच्या बाहुलीवर, माणसाच्या पाठीवर नाही. मी मुंबईच्या गोदीत पोती वाहतो. पैसा कुठून निघतो ते माझ्या मणक्याला विचारा.

आज सावकार पाथर्डी-शेवगावात मुकादम होऊन येतो. त्याला पोट नाही, मोटरसायकल आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात, बाईच्या नावाला वहीत जागा नाही. हंगामात फिटली नाही तर पुढच्या हंगामाला बांधलेले. १९७६ चा वेठबिगारीबंदीचा कायदा आहे की. पण उचलीला वेठ म्हणतंय कोण?

ह्यावर कुणी नाटक लिहीत असेल तर कळवा. पाळी सुटली की तालमीला येतो. काम कुठलंही द्या. फक्त ती वही स्टेजवर पायजे, उघडी.