पाषाणांची साक्ष

खानदेशचा मुलूख काळ्या पाषाणाचा. धुळ्याच्या माळावर दूरवर पसरलेल्या नैसर्गिक दगडी भिंती असोत, की चाळीसगावच्या दक्षिणेचे सातमाळ्याचे कडे असोत, हा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचा बनला आहे. तप्त रसात हाडे टिकत नाहीत. म्हणून या कड्यांत प्राचीन प्राण्यांचे अवशेष शोधणाऱ्याच्या पदरी सहसा निराशाच येते.

त्याहून जुना काळ पाहावयाचा, तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास, गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात जावे लागते. तेथे प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्या जवळच्या चुनखडीच्या थरांत एकोणिसाव्या शतकातच माशांचे शिलारूप अवशेष खवल्यांसह सापडले. ज्युरासिक युगात, सुमारे सतरा-अठरा कोटी वर्षांपूर्वी, जलाशयांच्या तळाशी साचलेला तो गाळ होय. त्या सबंध खडकसमूहास भूशास्त्रज्ञांनी कोट्याचेच नाव दिले.

याच खडकसमूहात, चुनखडीखालील वाळू-चिखलाच्या थरांत, पोचमपल्ली गावाजवळ १९६१ च्या सुमारास एका प्रचंड डायनोसॉरची सुमारे ३०० हाडे मिळाली. मांडीचे एकेक हाड पुरुषभर उंचीचे! बंगालीत ‘मोठा पाय’ या अर्थाच्या शब्दांवरून आणि रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या स्मरणार्थ १९७५ साली त्याचे ‘बारापासॉरस टागोराय’ असे नामकरण झाले. त्याचा सांगाडा आज कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे.

तो सांगाडा पाहणारा त्याच्या आकारानेच दिपून जातो. परंतु खरे धन आकारात नाही. कोणते हाड कोठे व कशाशेजारी पडले होते, याची शास्त्रज्ञांनी नोंद ठेवली. हाडांच्या सोबत मोठमोठ्या वृक्षांचे बुंधेही होते. त्यावरूनच हे निदान सहा प्राण्यांचे अवशेष असावेत आणि एखाद्या महापुरात तो कळप सापडला असावा, असे अनुमान निघाले. येणाऱ्या-जाणाऱ्याने एकेक हाड उचलून घरी नेले असते, तर हाडे उरली असती. पूर मात्र कायमचा विसरला गेला असता.

कोणी म्हणेल, नांगराखाली वा पावसात नष्ट होण्यापेक्षा तो दगड घरी असलेला काय वाईट? या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु त्यावर उपाय दगड लपविणे हा नव्हे, तर जाणकारांस वेळीच वार्ता देणे हा होय.

खानदेशालाही ही शिकवण परकी नाही. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे १९७० नंतरच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा कोरीव रेषांनी नटलेला तुकडा मिळाला. हाती धरला तर क्षुल्लक. परंतु कोणत्या थरात तो सापडला हे ठाऊक असल्यामुळे, सुमारे २५,००० वर्षांपूर्वी या भूमीत शहामृगाच्या कवचावर नक्षी कोरणारा मनुष्य नांदत होता, हे त्याने सांगितले.

दगड साक्षीदार आहे. जागेवरून हलविला की तो मुका होतो. विलक्षण पाषाण दृष्टीस पडताच हात आवरावा, ती जागा नीट ध्यानात ठेवावी आणि गुरुजनांस कळवावे. संग्रहाच्या हौसेहून हा संयम अधिक मोलाचा आहे.