तारपा आदिवासींचा, ध्वनिमुद्रण कोणाचे?

२०२६ च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला जव्हार तालुक्यातील वाळवंडा गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली. नव्वदी ओलांडलेल्या कलावंताचा हा सन्मान उशिरा का होईना झाला, याचे स्वागतच आहे. पण सत्काराचे हार सुकल्यानंतरचा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. तारप्याचा आवाज आता संगणकात शिरला आहे. लग्नाच्या वरातीत डीजेवर तो ठेक्यासह वाजतो. त्या आवाजाचा मालक कोण?

यंत्राला आमचा विरोध नाही. कॅसेटने भीमगीते वस्तीवस्तीत नेली, प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घराघरात पोहोचवला. मात्र ज्याच्या हाती स्टुडिओ, त्याच्या हाती नफा, हाच त्या धंद्याचा नियम होता. अनेक गायक-कवींच्या पदरी एकरकमी बिदागीच पडली. हा धडा जव्हार-मोखाड्याच्या तरुणांनी आधीच गिरवावा.

कारण आज स्टुडिओ पिशवीत मावतो. एक जुना लॅपटॉप, एक बरा माईक, माईकचा आवाज संगणकात नेणारा ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन एवढ्यावर सुरुवात होते. ऑडॅसिटी आणि एलएमएमएस ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. पहिल्यात ध्वनिमुद्रण करावे, दुसऱ्यात ठेका रचावा. एकदा उतरवून घेतली की त्यांना इंटरनेट लागत नाही, म्हणून रेंज नसलेल्या पाड्यावरही काम चालते. सुरांची पेटी, म्हणजे मिडी कीबोर्ड, नंतर घेतली तरी चालेल. मूळ मुद्रण वेव्ह स्वरूपात जपावे. एमपीथ्रीत आवाजाचा काही भाग कायमचा गळतो.

पण यंत्राची स्वतःची सवय असते, तिच्यापुढे मान तुकवू नये. तारपा भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण यांतून हाताने घडतो. प्रत्येकाचा सूर वेगळा, तो पेटीच्या बारा सुरांत नेमका बसत नाही. सॉफ्टवेअर त्याला ‘बेसूर’ ठरवून सरळ करू पाहते. तेव्हा तारप्याला संगणकाच्या सुरात न ओढता संगणकाचे सूर तारप्याशी जुळवावेत. वादक श्वास न तोडता वाजवतो, त्याने चाल बदलली की नाचणाऱ्यांची पावले बदलतात. चार ठोक्यांचा तुकडा कापून तोच फिरवत ठेवला, तर वादक आणि नाचणारे यांचे हे नातेच मरते. म्हणून आधी पूर्ण वादन मुद्रित करावे, कापाकापी मागाहून. मोखाड्याच्या बोहाड्यातील संबळालाही हेच लागू आहे.

आता हक्काचे बोलू. पारंपरिक चालीला एकच एक कर्ता नसतो, पण तिच्या ध्वनिमुद्रणाला मालक असतो. मुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा निर्माता कायद्याने त्याचा धनी ठरतो. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने वादकाला नाव लावून घेण्याचा हक्क दिला आणि व्यावसायिक वापरात रॉयल्टीचा मार्ग खुला केला. म्हणूनच मुद्रणाआधी कागद व्हावा. वादकाचे नाव, गाव, तारीख आणि वाटा त्यात लिहिलेला असावा. सही करण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून दाखवावा.

हे एकट्या पोराला पेलणारे नाही. भातकापणी आटोपली की इथली कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात. आठवड्याच्या मजुरीचा हिशेब करणारा मुलगा माईक कुठून घेणार? जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आश्रमशाळांत असे मुद्रण संच द्यावेत, शिकवायला जाणकार तरुण नेमावेत आणि वृद्ध वादकांना मानधन देऊन मुलांसमोर बसवावे. त्या मुद्रणांची मालकी वादकांकडे आणि ग्रामसभेकडे राहावी. पुरस्काराने एका कलावंताचा गौरव झाला. साधने हाती आली, तर पुढची पिढी आपल्या आवाजाची मालक होईल. चळवळीने ही मागणी लावून धरली पाहिजे.